पाट, दांडा आणि चिमटा

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, तीस वर्षे हायस्कुलात समास आणि प्रयोग शिकवलेल्या माणसावर ऐन पंचावन्नाव्या वर्षी ‘कॉम्प्रेशन’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्याची पाळी आली, तर त्याच्या घरात चौदा वर्षांचा पुतण्या आहे असे खुशाल समजावे. या वयाची मुले आपल्याला पुन्हा विद्यार्थी करून सोडतात. शाळेत पोरे माझ्यापुढे उभी राहून उत्तरे देतात. घरी २०२३ च्या मे महिन्यात मी पुतण्यापुढे बसून प्रश्न विचारत होतो आणि तो मला ‘काका, हे कसं कळत नाही तुम्हाला?’ अशा नजरेने पाहत होता.

त्याला स्कूटर हवी होती. आमच्या पिढीला स्कूटर म्हटले की बजाजची चेतक आठवते. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, तोवर पोरे मोठी व्हायची. ही स्कूटर तसली नव्हे. हिला इंजिन नाही, पेट्रोल नाही, बसायला सीटही नाही. पाऊल ठेवायला एक धातूची फळी, पुढे उभा दांडा, खाली दोन लहान चाके. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे ढकलायची. एवढेच असते तर कुठल्याही खेळण्याच्या दुकानात काम भागले असते. पण पुतण्याला हवी होती ती ‘स्टंट’ स्कूटर. उतारावरून वेगाने यायचे, हवेत उडायचे, उडता उडता पायाखालची फळी गर्रकन एक फेरा फिरवून पुन्हा पायाखाली घ्यायची आणि चाकांवर उतरायचे. या फेऱ्याला ‘टेलव्हिप’ म्हणतात. दांडाच हातातून सोडून फिरवून पुन्हा पकडला की तो ‘बारस्पिन’. हे त्याने मला मोबाइलवर दाखवले. लहानपणी भोवरा हवेतल्या हवेत हातावर झेलणारी मुले मी पाहिली आहेत. पण त्यांना स्वतःला भोवऱ्याबरोबर उडावे लागत नव्हते.

अशी स्कूटर तयारही मिळते. पण जाणती पोरे ती सुटी सुटी घेतात, फळी एकाची, दांडा दुसऱ्याचा, चिमटा तिसऱ्याचा, आणि जुळवणी स्वतः करतात. लग्न जमवताना आपण जेवढी चौकशी करत नाही तेवढी हे लोक दांड्याच्या बाहेरच्या व्यासाची करतात.

या वाहनाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात विम औबोटर नावाचे बँकेत काम केलेले एक गृहस्थ राहत. १९९० च्या सुमारास एका रात्री त्यांना भाजलेले सॉसेज खाण्याची लहर आली. दुकान चालत जायला लांब आणि गाडी काढायला जवळ. या अडचणीतून त्यांनी घडी घालता येईल अशी लहान चाकांची ढकलगाडी बनवली. रात्री नऊनंतर कॅम्पातून भेळ खायला जावेसे वाटते तेव्हा आपली हीच अडचण होते. आपण तेव्हा घरीच बसतो, म्हणून आपल्या हातून शोध लागत नाहीत. पुढे २००० साली अमेरिकेत ‘रेझर’ या नावाने अशा गाड्यांची लाट आली. मोठ्यांनी ऑफिसला जाण्यासाठी काढलेली गाडी पोरांनी पळवली आणि तिच्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. घडी घालायची बिजागरी त्या उड्यांत तुटू लागली. मग बिजागरी गेली, सांधे पक्के झाले, फळी जाड झाली आणि एकेका भागाचे वेगळे कारखाने उभे राहिले. स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकलीचे स्टंट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पोहोचले. ही स्कूटर अजून त्या दाराबाहेरच आहे. पण पुतण्याला ऑलिंपिकशी कर्तव्य नव्हते. त्याला आमच्या शाळेच्या मागचे सिमेंटचे बास्केटबॉल मैदान रविवारी मिळाले तरी पुरत होते.

इथे थोडी घरची गोष्ट सांगायला हवी. माझा धाकटा भाऊ टर्नर. तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत त्याचे लहानसे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि एक मदतनीस, जो कानडीत विचारतो आणि मराठीत उत्तर ऐकतो. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड आणि बुश ही भावाची मुख्य कामे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. माझी शाळा मराठी माध्यमाची. भावाचा मुलगा मात्र इंग्रजी माध्यमात आहे. भावाने तो निर्णय घेतला तेव्हा मला विचारले होते आणि मी ‘तुझा मुलगा, तू ठरव’ म्हटले होते. सीमाभागात मराठी शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या माणसाच्या घरी हे घडते, यावर लोक काय बोलायचे ते बोलून झाले आहे. मला टोचत होते ते वेगळेच. मुलगा सातवी-आठवीत गेल्यापासून बापलेकांत बोलायला विषयच उरला नव्हता. मुलाचा अभ्यास भावाला कळत नसे आणि बापाचे काम मुलाला कळून घ्यायचे नसे. वर्कशॉपचा डबा पोचवायला गेला तरी तो बाहेरच सायकलवर थांबायचा.

त्यात ही स्कूटर आली. पुतण्याने दीड वर्ष पहाटे पेपर टाकून पैसे साठवले होते. सुटे भाग मागवून सगळा खर्च बावीस हजारांच्या घरात जात होता. त्याच्याकडे चौदा होते. भावजय माझ्याकडे आली. ‘भाऊजी, तुम्हीच सांगा की ह्याला. पुढच्या वर्षाला एसएसएलसी आहे. हात-पाय मोडून बसला तर?’ आई देवघरातून म्हणाली, ‘मोडू दे. ह्याच्या बापानं काय कमी मोडून घेतलंय?’ भाऊ काहीच बोलला नाही. रात्री मला एकट्याला म्हणाला, ‘दादा, पैशाचं काय नाही. पण ते काय घ्यायलंय ते मला बघायचं आहे. लोखंड आहे का ॲल्युमिनियम, वेल्ड कुठं आहे, मला कळू दे.’

म्हणून मी मध्यस्थ झालो. पुतण्याची वही इंग्रजीत होती आणि भावाला ती वाचायची नव्हती. मी एका रविवारी ती वही घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो, पुतण्याला बरोबर नेले आणि स्टुलावर बसून दोघांमध्ये दुभाष्याचे काम सुरू केले. पहिल्याच शब्दाला अडलो. ‘डेक’ला काय म्हणायचे? भाऊ म्हणाला, ‘पाट म्हण की.’ मग ‘बार’ दांडा झाला. ‘फोर्क’ला तर शब्द शोधावाच लागला नाही, सायकलवाले पहिल्यापासून त्याला चिमटाच म्हणतात. दोन दांड्यांमध्ये चाक पकडणारा तो चिमटा. तीन शब्द जमले आणि वही तिघांचीही झाली.

आता पाट. पाट ॲल्युमिनियमचा असतो, बहुधा ६०६१ जातीच्या मिश्रधातूचा. मुलाला हवा होता सहा इंच रुंदीचा, कोपरे चौकोनी असलेला, कारण मोबाइलवरचे त्याचे आवडते वीर तसलाच वापरतात. मी त्याला विचारले, ते वीर कुठे खेळतात? रस्त्यावर, म्हणाला, पायऱ्यांचे कठडे, बाकांच्या कडा यांवरून पाट घासत नेतात. अशा घसरणीला रुंद, सपाट, चौकोनी पाट स्थिर राहतो, हे खरे. पण रुंद आणि लांब पाट जड असतो आणि पायाखाली फिरवताना ते वजन जाणवते. उतारावरून उड्या मारणारे, फेरे घेणारे लोक अरुंद आणि हलका पाट घेतात. आमच्या बास्केटबॉल मैदानावर कठडे कुठले? तिथे उड्या आणि फेरेच होणार. शिवाय मुलाची उंची पाच फूट दोन इंच, बुटाचा नंबर सहा. शेवटी पाच इंच रुंद आणि वीस इंच लांब यावर एकमत झाले.

भावाने एकच अट घातली. पाट रंगवलेला नको, नुसता उघड्या धातूचा पाहिजे. मुलाने काळा रंग निवडला होता, त्याचा चेहरा पडला. भावाने समजावले ते असे. पाटाच्या पुढच्या टोकाला एक आखूड नळी तिरकी जोडलेली असते, तिच्यातून चिमट्याची दांडी वर जाते. हा जोड वेल्डिंगचा. ॲल्युमिनियमला वेल्ड केले की वेल्डच्या शेजारचा धातू मऊ पडतो. चांगला कारखाना जोडल्यावर पूर्ण पाट पुन्हा भट्टीत घालून त्याला मूळचा कडकपणा आणतो. तरीही प्रत्येक उडीचा हिसका त्याच जोडावर येतो. आणि लोखंडाचे एक बरे असते. ताण ठरावीक मर्यादेच्या आत असला तर ते कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान हिसकेही त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. ‘कधी ना कधी चीर पडणार,’ भाऊ म्हणाला. ‘पडली तर मला दिसली पाहिजे. रंगाखाली ती दडून बसते.’ पुतण्याने वहीत ‘ब्लॅक’ खोडून ‘रॉ’ लिहिले. मी शेजारी मराठीत ‘उघडा’ लिहिले.

मग दांडा. त्याचे तीन प्रकार निघाले. क्रोमोली पोलाद मजबूत पण जड, ॲल्युमिनियम हलके, टायटॅनियम हलकेही आणि मजबूतही, पण किंमत ऐकून आईने कानावर हात ठेवले असते. क्रोमोलीचा आकडा होता ४१३०. इथे भाऊ पहिल्यांदा हसला. ‘हा तर आपल्या ईएन-१९ चा चुलतभाऊ.’ ईएन-८, ईएन-१९, ईएन-२४ ही पोलादाची नावे उद्यमबागेत गल्लीबोळांच्या नावांसारखी तोंडात असतात. ४१३० मधले ४१ म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेले पोलाद, ३० म्हणजे शेकडा ०.३० कार्बन. ईएन-१९ मध्ये कार्बन याहून जास्त. कार्बन कमी म्हणून ४१३० ची नळी जोडकामाला बरी. आकड्यात एवढा अर्थ भरलेला असतो हे मला नवीन होते. आमच्याकडे एवढा अर्थ भरायला समास लागतो. पुतण्याने लगेच विचारले, ‘मग पप्पा, ईएन १४६१९ म्हणजे?’ भाऊ विचारात पडला. एवढ्या मोठ्या नंबरचे पोलाद त्याने ऐकले नव्हते. वही नीट वाचल्यावर कळले की ते पोलाद नव्हेच. ढकलस्कूटरसाठी युरोपात ठरवलेल्या मानकाचा तो क्रमांक. आमच्या पोलादांच्या नावातले ‘ईएन’ युद्धकाळातल्या ब्रिटिश यादीतून आले, आणि हे ‘ईएन’ युरोपियन मानकाचे. दोन्ही नावे सारखी, घराणी वेगळी. बापलेक मिळून हसले. मी नाकावरचा चष्मा सरळ केला आणि काही बोललो नाही.

दांड्याची उंची हा पुढचा प्रश्न. फार उंच दांडा फिरवताना हातातून निसटतो, फार बुटका असला तर वाकून पाठ धरते. पाटावर उभे राहिल्यावर मूठ कमरेच्या आसपास यावी, हा ढोबळ नियम. रुंदी साधारण खांद्याएवढी. दांडे येतात मुद्दाम उंच. आपण खालून कापून घ्यायचे. मुलाच्या हिशेबाने साडेतीन इंच कापायला हवे होते. भाऊ म्हणाला, अडीच काप. जूनमध्ये गणवेश शिवताना आया शिंप्याला सांगतात, वाढतं अंग आहे, दोन बोटं माया ठेवा. भावानेही तोच शब्द वापरला. ‘वाढायलंय ते. एक इंच माया ठेवूया. कापलेलं परत लावता येत नाही.’ ‘माया’ हा शब्द कापडाच्या संदर्भात पुतण्याने कधी ऐकला नव्हता. त्याला वाटले पप्पा काहीतरी भावनेचे बोलत आहेत आणि तो थोडा लाजला. मी अर्थ सांगितला नाही. दोन्ही अर्थ बरोबरच होते.

आता ते कॉम्प्रेशन. चिमट्याची दांडी पाटाच्या नळीतून वर येते, वर दांडा बसतो आणि मधल्या बेअरिंगांवर हे सगळे फिरते. सायकलच्या रेस-कोनसारखेच. यात किंचितही ढिलाई राहिली तर प्रत्येक उतरणीला खडखड होते आणि बेअरिंगची वाट लागते. फार आवळले तर दांडा फिरत नाही. ही बेताची घट्ट आवळणी म्हणजे कॉम्प्रेशन. तिच्या चार पद्धती आहेत: आयसीएस, आयएचसी, एचआयसी आणि एससीएस. पहिलीत बोल्ट चिमट्याच्या खालून वर जातो. ती सगळ्यांत हलकी. मधल्या दोन आतल्या आत दडवलेल्या. त्यांत दांड्याच्या नळीला खाली एक उभी फट पाडावी लागते म्हणजे पट्ट्याने आवळता येते. चौथीत एक मोठा जाड क्लॅम्प असतो, चार बोल्टांचा. ती सगळ्यांत जड, पण तिला दांड्यात फट लागत नाही. मुलाला हलकी हवी होती. बाप म्हणाला, चांगल्या नळीला आपण होऊन फट पाडायची आणि तिथूनच ती फाटू नये म्हणून देवाची प्रार्थना करायची, हे कशाला? शिवाय क्लॅम्पचे बोल्ट बाहेरून दिसतात, ढिले झाले तर कळते. मुलगा अर्धा तास भांडला. मी त्या अर्ध्या तासात एकही शब्द भाषांतरित केला नाही. गरजच पडली नाही. तो बापाशी मराठीत भांडत होता, आणि ‘आटे’, ‘कानस’, ‘बर काढणे’ हे शब्द त्याच्या तोंडी आले होते. माझ्या शाळेतल्या किती मुलांना स्क्रूच्या वळणांना आटे म्हणतात हे माहीत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. शेवटी एससीएस ठरली. वजन थोडे वाढले, पण पूर्ण गाडी चार किलोच्या आत बसत होती.

राहिला चिमटा. तोपर्यंत जमाखर्चाचे गणित सतरा हजारांवर आले होते आणि चांगला चिमटा महाग होता. मी सहज म्हणालो, ‘अरे, तू करून टाक की. एवढे रॉड करतोस, हे काय अवघड?’ मुलानेही आशेने पाहिले. एव्हाना त्याला वर्कशॉपमध्ये बनवलेली वस्तू हलकी वाटेनाशी झाली होती. आणि काम खरोखरच अवघड नव्हते. एक इंच आणि आठवा भाग जाडीची दांडी, खाली ११० मिलिमीटरचे चाक बसेल असा खाचा, आठ मिलिमीटरच्या ॲक्सलसाठी छिद्र. भावाने चित्र बराच वेळ पाहिले. मग वही मिटली.

‘पाय टेकायचे पेग मी करीन. स्पेसर करीन. दांडा कापून देईन. चिमटा मी करणार नाही.’

‘का?’ मुलाने विचारले.

भावाने डावा हात लेथच्या बेडवर ठेवला. त्याच्या बोटांची हकीकत घरात कधी कोणी काढत नाही. मुलाला एवढेच माहीत होते की प्रेसमध्ये गेली. त्या दिवशी भावाने ती सांगितली. चोविसाव्या वर्षी तो एका कारखान्यात होता. प्रेसचा एक लिव्हर तुटला होता. माल द्यायची घाई होती, नवीन भाग यायला दोन दिवस लागणार होते, म्हणून तुटलेला लिव्हर वेल्ड मारून परत बसवला गेला. वेल्ड दिसायला सुंदर होता. तीन आठवडे टिकलासुद्धा. ‘धातू तुटायच्या आधी सांगत नाही,’ तो म्हणाला. ‘बाहेरून चांगला दिसतोय म्हणून आपण हात घालतो.’ मग चिमट्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, ‘तू वरनं उडी मारून येणार. तुझं सगळं वजन पुढच्या चाकावर आलं की ह्याच्यावर येणार. हा तुटला तर तू तोंडावर पडणार. माझ्याकडं घडाई नाही, भट्टी नाही, तपासायचं मशीन नाही. मी लेथवर कापून तुला असाच दिसणारा करून देईन. नुसता दिसणारा.’

वर्कशॉपमध्ये काही वेळ पलीकडच्या गल्लीतल्या फाउंड्रीचा आवाज तेवढा येत होता. मग त्याने मुलाला ओतीव आणि घडीव यांतला फरक सांगितला. वितळवून साच्यात ओतलेला धातू आणि तापवून दाबाखाली घडवलेला धातू, दोन्हींचा आकार एक असू शकतो. पण घडवलेल्याच्या आतली वीण आकाराबरोबर वळते आणि हिसका सोसते. आम्ही भाषेच्या तासाला ‘घडीव शरीर’, ‘ओतीव मूर्ती’ असे शब्द वाक्यात उपयोग करायला देतो. मीही दिलेले आहेत. त्यांच्यात एका मुलाच्या चेहऱ्याएवढा फरक असू शकतो हे मला त्या रविवारी दिसले.

चिमटा घडीवच घ्यायचा, एकसंध, कुठे वेल्ड नसलेला, हे ठरले. उरलेले पैसे मी घातले आणि आईने तिच्या पेन्शनीतले दोन हजार. त्यावर ‘ह्यातनं हेल्मेट घे, आधी’ अशी तिची अट. पाट आणि दांडा मुंबईच्या विक्रेत्याकडून आले. चिमटा आणि क्लॅम्प लंडनहून गणपतीला आलेल्या भाचीने कपड्यांच्या बॅगेत आणला. विमानतळावर ‘हे काय?’ म्हणून विचारले, तेव्हा तिने ‘मामाच्या घरच्या मुलाचा चिमटा’ असे शुद्ध मराठीत सांगून बघितले म्हणे.

दसऱ्याच्या दिवशी वर्कशॉपमध्ये लेथची पूजा झाली आणि त्याच दिवशी जुळवणी झाली. बेअरिंग निघाली ६०८ जातीची. आठ मिलिमीटर आतून, बावीस बाहेरून, सात जाड. तळहातावर तीन मावतील एवढी. आमच्या लहानपणी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून बाद झालेली जाडजूड बेअरिंगे मागून आणायची, फळीला ठोकायची आणि उतारावरून खाली सुटायचे, असा खेळ होता. त्या गाडीला ब्रेक नव्हता आणि तिच्या आवाजाने दुपारी झोपलेली अख्खी गल्ली उठून बसायची. भावाने आणि मी तसली एक बनवली होती. ते आठवून तो मदतनिसाला काहीतरी सांगत होता आणि मुलगा कान देऊन ऐकत होता. पेग भावाने लेथवर काढले. त्यांवर शेवटचा कट मुलाने घेतला, बापाचा हात त्याच्या हातावर होता. तीन बोटांचा हात.

पुतण्या त्या मैदानावर पडला, पुष्कळदा पडला. गुडघे, कोपर, एकदा हनुवटी. भावजयीने हळद संपवली. दहावीचे वर्ष आले तेव्हा मी रविवार सकाळचे दोन तास ठरवून दिले आणि ते त्याने पाळले. एसएसएलसी २०२५ मध्ये बऱ्या गुणांनी पार पडली. गुण विशेष नव्हते. पण त्याने कॉलेजचा अर्ज भरायच्या आधी मेकॅनिकल डिप्लोमाचा भरला. कोणी सांगितले नव्हते. आता तो त्याच्या पहिल्या वर्षाला आहे.

आणि पाटाची गोष्ट राहिलीच. भावाने पहिल्या दिवसापासून नियम घातला होता: दर रविवारी खेळून आल्यावर तपासणी. फाउंड्रीतली जुनी रीत आहे. जोडावर रॉकेल चोळायचे, थोडे थांबायचे, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायचे आणि वर खडूची पूड भुरभुरवायची. धातूला कुठे केसाएवढी चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. हे वर्षभर चालले आणि रेघ काही उमटली नाही. मुलगा कंटाळला होता, मीही मनातून म्हणत होतो की आता पुरे. २०२४ च्या नोव्हेंबरात एका रविवारी ती उमटली. पाटाच्या नळीच्या जोडाखाली, नखाएवढी लांब. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. आदल्याच तासाला तो त्या पाटावरून चार फूट उंचीवरून उतरला होता.

भाऊ ओरडला नाही, ‘बघ, सांगितलं होतं’ असेही म्हणाला नाही. त्याने भिंग दिले आणि म्हणाला, ‘बघ, कुठनं सुरू झालीय.’ तो पाट वेल्ड करून पुन्हा वापरायचा प्रश्नच आला नाही. आज तो वर्कशॉपमध्ये लेथच्या वरच्या भिंतीला टांगलेला आहे, विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी. नवीन पाट पुतण्याने स्वतः निवडला. मला विचारले नाही, वहीही दाखवली नाही. आला तेव्हा पाहिला. उघड्या धातूचा होता.

या सगळ्यात माझे काम काय होते, असे आईने मला विचारले. आधी दुभाष्या होतो, पण ते काम पहिल्या दिवशीच संपले. पुढे पैशात थोडी भर घातली, मैदान दिले. आता एकच काम उरले आहे, आणि ते मी जपून आहे. शाळेत अजून दोन वर्गांत काळे फळे ठेवले आहेत. खडूच्या पेट्या मी स्वतः माझ्या पैशाने आणतो. शनिवारी संध्याकाळी पुतण्या दारात येतो, हाताला ग्रीसचा वास असतो, आणि म्हणतो, ‘काका, पप्पांनी खडू मागितलाय. पांढराच द्या, रंगीत चालत नाही.’